ऑटोस्ट्राडा आणि मोटरवे: इंग्रजी मजकुरात कोणता शब्द कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इटलीतल्या प्रवासाबद्दलच्या इंग्रजी मजकुरात कुठे 'ऑटोस्ट्राडा' दिसतं, कुठे 'मोटरवे', कुठे 'हायवे', तर कुठे 'ऑटोस्ट्राडे'. हे सगळं एकच का? इंग्रजीत लिहिताना कोणता शब्द घ्यायचा, अनेकवचन कसं करायचं, आणि तोच मजकूर मराठीत आणायचा असेल तर काय लिहायचं?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. ऑटोस्ट्राडा हा मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत रीतसर नोंदलेला शब्द आहे. पण इंग्रजीत तो मोटरवेचा, म्हणजे ब्रिटनमधल्या वेगवान मोठ्या रस्त्याच्या नावाचा, नुसता प्रतिशब्द नाही. इटलीच्या कायद्याने ठरवलेल्या एका विशिष्ट दर्जाच्या रस्त्याचं ते नाव आहे. हा शब्द वाचकाला पाटीवर, टोलच्या पावतीवर किंवा नकाशात भेटणार असेल, तर तो ठेवा. वेगवान मोठ्या रस्त्याने चार तास लागले एवढंच सांगायचं असेल, तर मोटरवे पुरेसा आहे. आणि तो रस्ता मुळात ऑटोस्ट्राडा नसेल, तर तो कितीही रुंद असो, हा शब्द लावू नका. सर्वांत जास्त चुका या तिसऱ्या ठिकाणी होतात, आणि त्याचा फटका गाडी चालवणाऱ्याला बसतो.

इंग्रजीने हा शब्द उचलला कारण ती वस्तूच आधी इटलीत झाली. पिएरो पुरिचेल्ली या अभियंत्याच्या योजनेनुसार १९२३ मध्ये काम सुरू झालं आणि २१ सप्टेंबर १९२४ रोजी मिलानहून वारेझेकडे जाणारा पहिला टप्पा खुला झाला. नाव होतं 'आउतोस्त्रादा देई लागी', म्हणजे सरोवरांकडे नेणारा मोटाररस्ता. टोल भरायचा, फक्त मोटारींना प्रवेश, मध्ये पादचारी नाही, गुरं नाहीत, गाडीवाटा येऊन मिळत नाहीत. ब्रिटनमधला पहिला मोटरवे, प्रेस्टन बायपास, ५ डिसेंबर १९५८ रोजी सुरू झाला. मधल्या तीन दशकांत 'मोटरवे' हा शब्द इंग्रजीत होता, पण बोट दाखवावं असा रस्ता ब्रिटनमध्ये नव्हता. त्यामुळे इटलीबद्दल लिहिणारे सरळ इटालियन नावच वापरत. पुढे ब्रिटनचे स्वतःचे मोटरवे झाले तसा ऑटोस्ट्राडाचा वापर आक्रसत गेला. आज इंग्रजी वाचकाला या शब्दावरून इटलीच आठवते, जशी ऑटोबानवरून जर्मनी आणि ऑटोरूटवरून फ्रान्स. इंग्लंडमधल्या एम-१ या मोटरवेला कुणी ऑटोस्ट्राडा म्हणत नाही.

जुना मजकूर हाताळणाऱ्यांनी इथे एक काळजी घ्यावी. १९२४चा तो रस्ता आजच्यासारखा दोन दिशांच्या दोन स्वतंत्र मार्गांचा नव्हता. दोन्ही दिशांची वाहतूक एकाच पट्ट्यावरून चाले आणि मध्ये दुभाजक नव्हता. त्या काळच्या लेखातल्या ऑटोस्ट्राडाचं वर्णन करताना आजची व्याख्या मागे नेऊन 'दुभाजक असलेला' वगैरे लिहिलं, तर ते चुकीचं होतं. अशा ठिकाणी ऑटोस्ट्राडा हाच शब्द ठेवून वर्ष द्यावं, हे मोटरवे लिहिण्यापेक्षा केव्हाही बरं.

आजची व्याख्या इटलीच्या वाहतूक संहितेत आहे, म्हणजे ३० एप्रिल १९९२च्या २८५ क्रमांकाच्या वैधानिक आदेशात. त्याच्या दुसऱ्या कलमात रस्त्यांचे वर्ग दिले आहेत. पहिला, म्हणजे 'ए' वर्ग, ऑटोस्ट्राडाचा. दोन्ही दिशांचे मार्ग स्वतंत्र किंवा ओलांडता न येणाऱ्या दुभाजकाने वेगळे केलेले, प्रत्येक दिशेला किमान दोन लेन, उजवीकडे आपत्कालीन लेन किंवा फरसबंद बाजूपट्टी, एकाच पातळीवरचा चौक नाही, खासगी जागेतून थेट प्रवेश नाही, कुंपण, ठरावीक प्रकारच्या मोटारवाहनांनाच परवानगी, आणि सुरुवात व शेवट दाखवणाऱ्या खास पाट्या. या व्याख्येत टोलचा उल्लेख नाही, हे नीट लक्षात ठेवा. 'टोल आहे म्हणून ऑटोस्ट्राडा' किंवा 'टोल नाही म्हणून ऑटोस्ट्राडा नाही' असा हिशेब करणाऱ्यांचा दोन्हीकडून घोटाळा होतो. सालेर्नोहून रेज्जो कालाब्रियाला जाणारा ए-२ पूर्ण दर्जाचा ऑटोस्ट्राडा आहे आणि त्यावर टोल नाही. सिसिलीत पालेर्मो ते कातानिया हा ए-१९ही तसाच. रोमभोवतीचा सुमारे ६८ किलोमीटरचा ग्रांदे राक्कोर्दो आनुलारे, म्हणजे ए-९०, यावरही टोल भरावा लागत नाही. आणि सार्डिनियात तर ऑटोस्ट्राडा एकही नाही. त्या बेटावरच्या प्रवासवर्णनात हा शब्द दिसला, तर लेखकाने चौपदरी रस्ता पाहून तो टाकला आहे असं समजा.

दुसरा, 'बी' वर्ग आहे गावाबाहेरच्या मुख्य रस्त्यांचा. लोक त्याला 'सुपरस्ट्राडा' म्हणतात. दिसायला हा रस्ता ऑटोस्ट्राडाचा धाकटा भाऊच: चार लेन, मध्ये दुभाजक. पण नियम वेगळे. गाडीला ऑटोस्ट्राडावर ताशी १३० किलोमीटरची मर्यादा आहे आणि पाऊस किंवा बर्फ पडत असेल तर ११०ची. 'बी' वर्गात एरवी ११० आणि पावसात ९०. शिवाय सुपरस्ट्राडा हा बोलीतला शब्द आहे. लोक ज्या रस्त्यांना तसं म्हणतात त्यांतले काही 'बी' वर्गातही बसत नाहीत आणि त्यांच्यावर ९०ची पाटी असते. फ्लॉरेन्सहून पिसा आणि लिव्होर्नोला जाणारा फि-पि-लि हा सुपरस्ट्राडा आहे. इंग्रजीत त्याला ऑटोस्ट्राडा म्हटलं की वाचक १३० धरून चालतो आणि पुढे वेग मोजणारा कॅमेरा असतो. 'सुपर' या उपसर्गामुळे इंग्रजी वाचकाला तो ऑटोस्ट्राडापेक्षाही मोठा रस्ता वाटतो. प्रत्यक्षात तो एक पायरी खाली आहे. म्हणून इंग्रजीत 'ड्युअल कॅरेजवे', म्हणजे मध्ये दुभाजक असलेला रस्ता, असं लिहून पुढे एकदा सुपरस्ट्राडा द्यावं. सुपरहायवे कधीही लिहू नये.

युरोपीय क्रमांकांनी, म्हणजे देशांच्या सीमा ओलांडून जाणाऱ्या मार्गांच्या 'ई' क्रमांकांनी, हा गोंधळ वाढतो. ई-४५ हा क्रमांक इटलीत काही भागात खऱ्या ऑटोस्ट्राडावरून जातो, पण ओर्ते ते चेझेना हा उंब्रियातून जाणारा टप्पा साधा, विनाटोल सुपरस्ट्राडा आहे. तिथले लोक त्यालाच 'ई-४५' म्हणतात. 'ई-४५ ऑटोस्ट्राडा' असं सरसकट लिहिलं की उंब्रियाच्या त्या टप्प्यापुरतं ते चूक ठरतं. 'ई' क्रमांकावरून रस्त्याचा दर्जा ठरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं: पाटीचा रंग. इटलीत ऑटोस्ट्राडाच्या दिशादर्शक पाट्या हिरव्या असतात, गावाबाहेरच्या इतर रस्त्यांच्या निळ्या आणि शहरातल्या ठिकाणांच्या पांढऱ्या. ब्रिटनमध्ये याच्या बरोबर उलट: मोटरवे निळा आणि त्याखालचे मुख्य रस्ते हिरवे. फ्रान्स आणि जर्मनीतही मोठा रस्ता निळाच. त्यामुळे इंग्रजी मजकुरात 'मोटरवेच्या पाट्या पाहत जा' एवढंच लिहिलं, तर लंडनहून आलेला वाचक निळ्या पाटीमागे जातो आणि सुपरस्ट्राडा किंवा राष्ट्रीय रस्त्यावर पोहोचतो. मराठी वाचकाची अडचण वेगळी आहे. आपल्या राष्ट्रीय महामार्गांवर हिरव्या पाट्या सर्रास असतात, त्यामुळे हिरवा रंग त्याला खास काही सांगत नाही. दोघांसाठीही 'हिरवी पाटी म्हणजे ऑटोस्ट्राडा' हे एक वाक्य मजकुरात पहिल्याच पानावर हवं. ज्याला टोल टाळायचा आहे त्याच्यासाठी हेच वाक्य उलट उपयोगी पडतं: हिरव्याकडे वळू नका, निळ्याने चला.

क्रमांकाचंही तसंच. ब्रिटिश वाचकाला 'ए-१' म्हणजे लंडन ते एडिनबरा हा जुना मुख्य रस्ता. मोटरवेला तिथे 'एम' लागतो. इटलीत 'ए' हाच ऑटोस्ट्राडाचा. म्हणून पहिल्या उल्लेखात 'द ए-१ ऑटोस्ट्राडा' किंवा 'द ए-१ मोटरवे' असं पूर्ण लिहावं, पुढे नुसतं 'द ए-१' चालतं. 'ए-१ ऑटोस्ट्राडा हायवे' ही द्विरुक्ती टाळा. 'एसएस' म्हणजे स्त्रादा स्तताले, म्हणजे राष्ट्रीय मार्ग, 'एसपी' म्हणजे प्रांताचा रस्ता, 'आरए' म्हणजे जोडरस्ता. या 'आरए'पासून सावध राहा. फ्लॉरेन्स ते सिएना हा आरए-३ नावाने 'राक्कोर्दो आउतोस्त्रादाले' आहे. पण लोक त्याला सुपरस्ट्राडाच म्हणतात, पाट्या निळ्या आहेत आणि टोल नाही. नाव पाहून ऑटोस्ट्राडा लिहिणारे इथे हमखास फसतात. उलट 'तांजेन्त्सियाले' या शब्दात ऑटोस्ट्राडाचा मागमूस नाही, पण मिलानभोवतीचे ए-५०, ए-५१ आणि ए-५२ हे बाह्यवळण रस्ते ऑटोस्ट्राडाच्या दर्जाचे आहेत. त्यांना इंग्रजीत 'रिंग रोड' किंवा 'बायपास' म्हणावं. यंत्राने भाषांतर केलेल्या मजकुरात 'टँजेन्शियल' असं दिसतं, त्यातून कुणालाच काही कळत नाही.

अनेकवचनाकडे येऊ. इटालियनमध्ये हा स्त्रीलिंगी शब्द आहे: एक आउतोस्त्रादा, अनेक आउतोस्त्रादे. इंग्रजी शब्दकोश दोन्ही रूपं देतात, इटालियन पद्धतीचं 'ऑटोस्ट्राडे' आणि शेवटी एस लावलेलं 'ऑटोस्ट्राडाज'. सामान्य वाचकासाठी लिहीत असाल तर एसवालं रूप घ्या. ते लगेच अनेकवचन म्हणून ओळखू येतं. स्थापत्य, इतिहास किंवा इटालियन समाजावरच्या मजकुरात, जिथे इतर इटालियन शब्दही येणार आहेत, तिथे ऑटोस्ट्राडे शोभतं. मात्र एका मजकुरात एकच रूप हवं.

खरी चूक याच्या पुढची आहे: 'द ऑटोस्ट्राडे' हे एकवचन म्हणून वापरणं. 'वी टुक द ऑटोस्ट्राडे' अशी वाक्यं इंग्रजीत पुष्कळ सापडतात. याची दोन कारणं दिसतात. एक, इटलीतल्या मोठ्या भागाचं जाळं चालवणाऱ्या कंपनीचं नावच 'आउतोस्त्रादे पेर लितालिया' आहे, अनेकवचनी. टोलनाक्यावर ते नाव वाचून लेखक तेच एकवचन समजतो. दोन, फ्रेंचमध्ये 'ऑतोस्त्राद' असं एकवचन पूर्वी चालत असे, त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी ई आहे, आणि बेल्जियमच्या फ्लेमिश बोलीत ते आजही ऐकू येतं. ब्रसेल्सहून लिहिलेल्या मजकुरात ते बरोबर असू शकतं; इटलीबद्दल नाही. कंपनीबद्दल लिहिताना मोठं आद्याक्षर आणि एकवचनी क्रियापद घ्या, रस्त्यांबद्दल लिहिताना लहान आद्याक्षर आणि अनेकवचनी क्रियापद. वाक्याच्या सुरुवातीला शब्द आला की आद्याक्षर तसंही मोठंच होतं आणि फरक पुसला जातो. तेव्हा कंपनीचं पूर्ण नाव लिहिणं हाच उपाय.

मोठ्या आद्याक्षराचा एरवीचा नियम साधा आहे. विशेषनामात मोठं: मिलान ते नेपल्स हा सुमारे ७६० किलोमीटरचा 'आउतोस्त्रादा देल सोले', ज्याचं काम १९५६ मध्ये सुरू होऊन ४ ऑक्टोबर १९६४ रोजी पूर्ण झालं, ब्रेनर खिंडीतून मोदेनाला येणारा 'आउतोस्त्रादा देल ब्रेन्नेरो', म्हणजे ए-२२, २०१७ पासून 'आउतोस्त्रादा देल मेदितेर्रानेओ' म्हणून ओळखला जाणारा ए-२. जातिवाचक वापरात लहान. तिरप्या अक्षरांची गरज नाही, कारण शब्द आता इंग्रजी कोशातला आहे. मात्र त्याच परिच्छेदात सुपरस्ट्राडा आणि तांजेन्त्सियाले तिरप्या अक्षरांत असतील, तर एकट्या ऑटोस्ट्राडाला सरळ ठेवलं की डोळ्यांना खटकतं; तिथे तोही तिरपा करायला हरकत नाही. संपादकाने एकदा ठरवावं आणि शेवटपर्यंत पाळावं.

इटालियनमध्ये विशेषण आहे, 'आउतोस्त्रादाले'. इंग्रजीत त्याची गरज नाही, नामच विशेषणासारखं पुढे लावतात: ऑटोस्ट्राडा टोल, ऑटोस्ट्राडा नेटवर्क. शब्दयोगी अव्ययात मात्र इटालियन मातृभाषेचे लेखक ठरलेली चूक करतात. त्यांच्याकडे 'इन आउतोस्त्रादा' म्हणतात, इंग्रजीत 'ऑन द ऑटोस्ट्राडा' हवं, आर्टिकलसह.

उच्चाराचंही थोडं सांगतो, कारण ध्वनिमुद्रित मार्गदर्शनात तो लागतो. ब्रिटिश इंग्रजीत सुरुवात 'ऑ' अशी होते आणि आघात पहिल्या अक्षरावर पडतो. अमेरिकी कोश 'ऑ' आणि 'आउ' दोन्ही देतात आणि मुख्य आघात 'स्ट्रा'वर ठेवतात. इटालियनमध्ये आघात 'स्त्रा'वर आहे, तोच स्वर लांबतो आणि त आणि द दंत्य असतात. मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा सोपं जातं. आपल्या त आणि दचा उच्चार त्यांच्याशी जुळतो. ट आणि ड लावले की तो इंग्रजीतून आलेला शब्द होतो. इटलीत पेट्रोल पंपावर रस्ता विचारायचा असेल तर 'आउतोस्त्रादा' म्हणा, समोरच्याला लगेच कळेल.

टोलची भाषा ही या विषयाची दुसरी अर्धी बाजू आहे, आणि इथे मजकूर चुकला तर पैसे जातात. टोलनाक्याला 'कासेल्लो' म्हणतात आणि टोलला 'पेदाज्जो'. बहुतेक ऑटोस्ट्राडावर पद्धत अशी: आत शिरताना यंत्रातून तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना ते देऊन अंतराप्रमाणे पैसे भरायचे. तिकीट हरवलं तर सर्वांत लांबच्या नाक्यापासून आल्याचं धरून आकारणी होऊ शकते, म्हणून 'तिकीट जपून ठेवा' हे वाक्य सूचनेतून गाळू नका. काही ठिकाणी मात्र तिकीटच मिळत नाही. मिलानहून सरोवरांकडे जाणाऱ्या ए-८ आणि ए-९वर वाटेतल्या नाक्यावर ठरावीक रक्कम भरतात. म्हणून 'सर्वत्र तिकीट घ्या' हेही चुकीचं. ए-३६ या लोम्बार्दीतल्या रस्त्यावर तर नाकाच नाही. कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि पैसे नंतर भरायचे असतात, त्यासाठी १५ दिवस मिळतात. भाड्याच्या गाडीवाल्याला हे कुणी सांगितलं नाही, तर नोटीस आधी गाडी देणाऱ्या कंपनीकडे जाते आणि ती आपला प्रशासकीय आकार लावून ग्राहकाकडे पाठवते.

नाक्यावरच्या लेनही रंगाने ओळखायच्या. पिवळी पाटी टेलिपासची. टेलिपास म्हणजे काचेवर लावायचं यंत्र, काम आपल्या फास्टॅगसारखंच. ते नसेल तर फक्त पिवळी पाटी असलेल्या लेनमध्ये शिरायचं नाही. निळी पाटी कार्डाची. पांढऱ्या पाटीवर नोटा आणि नाण्यांचं चित्र असतं, तिथे रोख चालते. चुकून टेलिपासच्या लेनमध्ये शिरल्यावर लोक घाबरून गाडी मागे घेतात, आणि ती सर्वांत मोठी चूक आहे. नाक्यावर मागे येणं किंवा वळणं हा गंभीर गुन्हा आहे आणि मागून गाड्या येत असतात. जागेवर थांबून मदतीचं बटण दाबावं. पैसे भरता आले नाहीत तर यंत्र न भरलेल्या टोलची पावती देतं, ती १५ दिवसांत भरली की जादा आकार लागत नाही. इंग्रजी मजकुरात या पावतीला 'फाइन' लिहिलेलं असतं, ते काढून टाका. तो दंड नाही.

वाहनांचे टोलवर्ग हाही एक कोपरा. दोन आसांच्या गाडीचा वर्ग पुढच्या आसाशी मोजलेल्या उंचीवरून ठरतो: १.३० मीटरपर्यंत 'ए', त्याहून उंच असेल तर 'बी'. हा 'ए' वेगळा आणि ए-१मधला 'ए' वेगळा. दोन्ही एकाच वाक्यात आले की वाचक गोंधळतो, म्हणून वर्ग आणि क्रमांक वेगवेगळ्या वाक्यांत लिहा.

सीमेपलीकडे हाच शब्द वेगळे नियम घेऊन येतो. कोमोच्या पुढे कियास्सोला स्वित्झर्लंडमध्ये शिरलं की तिचिनो प्रांतातही भाषा इटालियन, रस्ता ऑटोस्ट्राडाच, पाटीही हिरवीच. पण नाके नाहीत. तिथे ४० फ्रँकचा वार्षिक परवाना, ज्याला विन्येट म्हणतात, आधीच घ्यावा लागतो आणि वेगमर्यादा १२०ची. इटलीत विन्येट नाही. इंग्रजी मार्गदर्शिकांत या दोन पद्धतींची सरमिसळ झालेली दिसली की आधी परिच्छेद कोणत्या देशाबद्दल आहे ते पाहा. ए-२२च्या उत्तर टोकाला, बोल्झानोच्या परिसरात, पाट्यांवर इटालियन आणि जर्मन दोन्ही नावं असतात. तिथे ऑटोस्ट्राडा आणि ऑटोबान यांतला कोणताही शब्द चुकीचा नाही. पोलिश आणि रोमानियनमध्येही जवळजवळ हाच शब्द आहे, पण अनेकवचनं त्यांची स्वतःची; पोलंडच्या रस्त्यांना इंग्रजीत 'ऑटोस्ट्राडे' म्हणणं म्हणजे पोलिश शब्दाला इटालियन प्रत्यय लावणं. त्या देशांसाठी मोटरवे लिहा. लेबनॉन, सीरिया आणि इजिप्तमधल्या अरबीतही 'ऑटोस्ट्राड' रुळला आहे आणि तिथे तो कोणत्याही मोठ्या रस्त्याला लावतात. इटलीचा कायदेशीर अर्थ त्यात शोधू नये.

मराठीत आणताना पहिला प्रश्न 'महामार्ग' की 'द्रुतगती मार्ग'. माझं मत ठाम आहे: द्रुतगती मार्ग. आपल्या महामार्गावर चौक असतात, ट्रॅक्टर असतात, धाब्यातून गाडी थेट रस्त्यावर येते. ऑटोस्ट्राडाच्या व्याख्येत यातलं काहीच बसत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पाहिलेल्या वाचकाला नियंत्रित प्रवेश म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. एक फरक मात्र लिहून टाकावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. इटलीत मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकली ऑटोस्ट्राडावर नियमाने जातात. तेव्हा पहिल्यांदा 'ऑटोस्ट्राडा, म्हणजे इटलीतला द्रुतगती मार्ग' असं सांगून पुढे ऑटोस्ट्राडाच ठेवावा.

स्त्रादा स्तताले या संज्ञेत मोठा खड्डा आहे. इंग्रजीत तिचं 'स्टेट रोड' होतं आणि त्यावरून मराठीत 'राज्य मार्ग'. पण इटालियन 'स्तातो' म्हणजे इथे देश, आपल्या अर्थाचं राज्य नव्हे. बरोबर मराठी 'राष्ट्रीय मार्ग'. प्रांताच्या रस्त्याला जिल्हा मार्ग म्हटलं की दर्जा अंदाजे कळतो.

लिंगाचं काय? इटालियनमध्ये स्त्रीलिंग असलं तरी मराठीत आकारान्त आणि मनात 'रस्ता' असल्यामुळे तो पुल्लिंगी होतो, आणि ते होऊ द्यावं. सामान्यरूप करू नका. 'ऑटोस्ट्राड्यावर' वाचताना जीभ अडखळते. 'ऑटोस्ट्राडावर', 'ऑटोस्ट्राडाने', अनेकवचनातही ऑटोस्ट्राडाच.

ठिकाणांची नावं हा शेवटचा मुद्दा, पण रस्त्यावर तोच आधी लागतो. पाटीवर फ्लॉरेन्स नसतं, 'फिरेन्झे' असतं. तसंच तोरीनो, वेनेत्सिया, नापोली. बाहेर पडण्याच्या ठिकाणाला 'उशीता' म्हणतात आणि बहुतेक ऑटोस्ट्राडावर ते नावाने ओळखतात, ब्रिटनसारखं 'जंक्शन १२' असं नव्हे. एकट्या फ्लॉरेन्ससाठी ए-१वर नोर्द, स्कान्दिच्ची, इम्प्रुनेता आणि सूद अशी चार नावं आहेत. बोलोन्या आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये तर ए-१च दुभंगतो. २३ डिसेंबर २०१५ रोजी डोंगराखालून नवा मार्ग खुला झाल्यापासून एका पाटीवर 'दिरेत्तिस्सिमा' आणि दुसरीवर 'पानोरामिका' लिहिलेलं असतं. पानोरामिकाचं 'सीनिक रूट' असं भाषांतर केलं की वाचकाला तो साधा, विनाटोल घाटरस्ता वाटतो. तो जुना ए-१च आहे, वळणांचा आणि टोलचा. दोन्ही नावं जशीच्या तशी ठेवून पुढे 'नवा बोगद्यांचा' आणि 'जुना घाटाचा' एवढं जोडावं.

एक नमुना घेऊ. इंग्रजी मजकूर असा आला समजा: फ्लॉरेन्सहून ए-१ ऑटोस्ट्राडे हायवेने रोमकडे जा, ऑर्विएटो जंक्शनला बाहेर पडा, टोल भरा. यात एकवचनाच्या जागी अनेकवचन, मागे द्विरुक्ती, पाटीवर नसलेली नावं आणि तिकिटाचा उल्लेखच नाही. मराठीत तो असा जाईल: 'फ्लॉरेन्सहून, म्हणजे पाटीवरच्या फिरेन्झेहून, हिरव्या पाट्या पाहत ए-१ या ऑटोस्ट्राडावर या आणि रोमाची दिशा धरा. शिरताना नाक्यावर तिकीट घ्या. ओर्विएतो नावाच्या उशीताला बाहेर पडा. तिथल्या नाक्यावर रोख असेल तर पांढऱ्या पाटीच्या आणि कार्ड असेल तर निळ्या पाटीच्या लेनमधून तिकीट देऊन पैसे भरा.'